नव्या युक्तीचे रक्षण आणि संगोपन

घरातील एखाद्या मुलास किंवा सुनेस काही नवीन युक्ती सुचली म्हणजे त्या घरात प्रथम काय घडते, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. आजोबा ती युक्ती शेजारच्या ओसरीवर बसून सांगतात. आत्याबाई हळदीकुंकवास जमलेल्या बायकांस ते यंत्र चालवून दाखवितात. आणि हल्ली तर काकामंडळी त्याचे चलच्चित्र काढून दोनशे माणसांच्या व्हॉट्सॲप-समूहात धाडून मोकळी होतात. हेतू निर्मळ असतो. परंतु अशा कौतुकानेच त्या मुलाचा हक्क बुडू शकतो, हे सांगणारे घरात कोणी नसते. आम्हांसही कोणी सांगितले नव्हते, आणि आमच्या अज्ञानाची किंमत आमच्या एका विद्यार्थ्यास द्यावी लागली. ती हकीकत आधी सांगितल्यावाचून या विषयावर लेखणी उचलण्याचा आम्हांस अधिकार पोचत नाही.

गोष्ट १९९४ सालची. कोकणातील एका शाळेत आम्ही संस्कृत शिकवीत होतो, व शाळेच्या वार्षिक अंकाचे संपादनही आमच्याकडेच होते. दहावीच्या वर्गात एका बागायतदाराचा मुलगा होता. संस्कृतात त्याची गती बेताचीच. शब्दरूपे विचारली की तो छपराकडे पाही. हात मात्र विलक्षण. घरी बायामाणसांची बोटे सुपारी सोलताना कापतात हे पाहून त्याने जुन्या सायकलीच्या सुट्या भागांतून एक सोलणी तयार केली होती. पायाने तरफ दाबली की दोन पाती सालीत शिरत आणि विरुद्ध दिशांस उघडत. साल दुभंगून आतली सुपारी अखंड बाहेर पडे. खरी खुबी होती ती पात्यांच्या कोनात, कारण सुपारी लहान असो वा मोठी, पाती तेवढीच आत जात.

आम्ही हरखून गेलो. शाळेच्या प्रदर्शनात ते यंत्र मध्यभागी मांडले, आणि पुढे वार्षिक अंकात त्याचे आकृतीसह साद्यंत वर्णन छापले. पात्यांचा कोन व तरफेची मापे आम्ही स्वतः तपासून घातली, कारण अंकात चूक राहू नये असा आमचा बाणा. मुलाचे वडील एकदा भीत भीत म्हणाले होते, “गुरुजी, छापण्याआधी कोणा जाणत्याला विचारू या का?” आम्ही हसून उत्तर दिले, “अहो, विद्या दिल्याने वाढते!”

दोन वर्षांनी तो मुलगा मुंबईस एका पेटंट एजंटाकडे गेला. एजंटाने पहिलाच प्रश्न केला, “हे पूर्वी कोठे छापले आहे काय?” मुलगा सत्यवादी, त्याने पिशवीतून आमचाच अंक काढून पुढे ठेवला. एजंटाने तो वाचून परत दिला व सांगितले की आता ही गोष्ट सर्वांची झाली. दरम्यान तालुक्यातील एका लोहारखान्यात तशाच सोलण्या तयार होऊन बाजारात विकल्याही जात होत्या. त्या मालकास दोष देता येत नाही. छापलेले वाचून त्याने केले, आणि तसे करण्यास त्यास पूर्ण मुभा होती. मुलगा गावी परतल्यावर आमच्याकडे आला आणि म्हणाला, “गुरुजी, अंक मात्र छान निघाला होता.” त्यात उपरोध नव्हता, म्हणूनच ते वाक्य आम्हांस आजवर टोचते.

कायदा असा आहे. १९७० चा पेटंट अधिनियम, जो १९७२ च्या एप्रिलात अमलात आला, तो शोधाच्या नवेपणावर उभा आहे. अर्ज करण्याच्या दिवसापूर्वी जी गोष्ट छापून प्रसिद्ध झाली, ती नवी राहत नाही. मग ती खुद्द शोधकानेच प्रसिद्ध केलेली असली तरीही. प्रदर्शनापुरती एक सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात नमूद केलेल्या प्रदर्शनासच लागते, व तेथेही बारा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. शाळेचे स्नेहसंमेलन, महाविद्यालयाची स्पर्धा किंवा गणेशोत्सवातील मांडव यांस ती लागत नाही. गोष्ट षट्कर्णी होणे आपल्याकडे पूर्वीपासून घातक मानले आहे. येथे तर कायद्यानेच तसे ठरविले आहे.

तरी हा नियम आम्ही अन्यायाचा म्हणत नाही. याच नियमाने आपली हळद वाचविली. अमेरिकेत १९९५ च्या मार्चमध्ये हळदीने जखम भरून काढण्याच्या रीतीवर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास पेटंट मिळाले. ज्या देशात बोट कापले की आजी प्रथम हळदीचा डबा शोधते, त्या देशास हे वाचून हसावे की रडावे कळेना. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. परंतु ‘आमच्या घरी हे सर्वांना ठाऊक आहे’ एवढे सांगून तेथे भागत नव्हते. लेखी पुरावा हवा होता. तेव्हा संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील उल्लेख आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आलेला एक लेख पुढे ठेवण्यात आला, आणि १९९७ च्या ऑगस्टात ते पेटंट रद्द ठरले. पूर्वी छापले गेले होते म्हणून हळद सर्वांची राहिली. आणि पूर्वी छापले गेले म्हणूनच आमच्या विद्यार्थ्याची सोलणी त्याची राहिली नाही. छापलेल्या अक्षराचे बळ आम्ही जन्मभर मुलांस शिकविले, पण ते असे दुधारी आहे हे आम्ही उतारवयात शिकलो.

आता करावयाचे काय? प्रथम हे समजून घ्यावे की नुसत्या कल्पनेस पेटंट मिळत नाही. ‘सुपारी सोलणारे यंत्र असावे’ ही इच्छा झाली. पाती कोणत्या कोनात बसवून काय साधले, हा शोध झाला. गणिताची रीत, व्यापाराची पद्धत, नुसता संगणकाचा कार्यक्रम, तसेच परंपरेने चालत आलेले ज्ञान यांस आपल्या कायद्याने पेटंटातून वगळले आहे. तेव्हा आजीच्या काढ्यावर पेटंट घेऊ पाहणाऱ्या नातवाने तो खर्च वाचवावा.

शोध अंगी लागला असे वाटले की वहीत तारखेनिशी टिपणे करावी, आकृत्या काढाव्या. मात्र वही हा हक्क नव्हे. स्वतःच्याच नावे लखोटा रजिस्टर टपालाने पाठवून तो न फोडता जपून ठेवला म्हणजे शोध सुरक्षित झाला, अशी एक समजूत शिकलेल्या घरांतही आढळते. तिला काडीचा आधार नाही. आपल्याकडे ज्याचा अर्ज आधी, त्याचा हक्क आधी. अलेक्झांडर बेल आणि एलिशा ग्रे या दोघांचे टेलिफोनासंबंधीचे कागद वॉशिंग्टनच्या कचेरीत १४ फेब्रुवारी १८७६ या एकाच दिवशी पोचले होते, आणि नाव कोणाचे राहिले हे जगास ठाऊक आहे.

अर्ज करण्यापूर्वी असेच काही कोणी केले आहे काय, हे पेटंट कचेरीच्या संकेतस्थळावर घरबसल्या व फुकट शोधता येते. त्यानंतरची सोय आम्हांस सर्वांत उपकारक वाटते. यंत्र पूर्णत्वास गेले नसले तरी तात्पुरते विवरण दाखल करून तारीख मिळविता येते, आणि पूर्ण विवरण बारा महिन्यांच्या आत द्यावे लागते. ही मुदत चुकली तर तो अर्ज सोडून दिला असे समजले जाते. तात्पुरत्या विवरणात जे लिहिले नाही त्यास ती तारीख मिळत नाही, म्हणून तेही काटकसर न करता लिहावे. परदेशांत अर्ज करावयाचा असल्यास त्याचीही साधारण मुदत पहिल्या अर्जापासून बारा महिन्यांचीच. कारण भारतातील पेटंट भारतापुरतेच असते. खाजगी व्यक्तीस संगणकाद्वारे अर्ज करण्याची सरकारी फी १,६०० रुपये आहे, व परीक्षणाची मागणी करण्याची ४,००० रुपये. ही मागणी २०२४ च्या नियमांनुसार ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. ती केल्यावाचून अर्ज पुढे सरकत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. एजंटाचे मानधन वेगळे. ते जड वाटते खरे; पण दाव्यांची भाषा हे विलक्षण काटेकोर काम आहे. एका शब्दाने क्षेत्र वाढते, एका शब्दाने आकसते. व्याकरण शिकविण्यात जन्म गेलेल्या आमच्यासारख्यासही ते स्वतः करण्याचा धीर झाला नसता. पेटंट मिळाल्यास अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे टिकते, पण तिसऱ्या वर्षापासूनची वार्षिक फी भरीत राहिल्यासच.

या देशातील पहिला पेटंटचा अर्ज १८५६ साली कलकत्त्यास जॉर्ज डीपेनिंग नावाच्या गृहस्थाने केला होता, आणि तो होता पंखा ओढण्याच्या यंत्राकरिता. उकाड्याने बेजार झालेल्या साहेबास सुचलेली ती युक्ती! गरज घरातलीच असते, ती जाणणारा मात्र हवा.

एकत्र कुटुंबात एक नाजूक प्रश्न उभा राहतो, आणि तो लाजेखातर टाळला जातो. युक्ती पुतण्याची, पैसा काकांचा, जागा आजोबांची. मग अर्जावर नाव कोणाचे? शोधक म्हणून ज्याने शोध लाविला त्याचेच नाव असले पाहिजे, तेथे वडीलधारेपणास स्थान नाही. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा असल्यास तो लेखी द्यावा लागतो. मानापमान नको म्हणून चौघा भावांची नावे मालक म्हणून घातली, तर वेगळा करार नसल्यास चौघांचा हिस्सा सारखा होतो. प्रत्येकजण ते यंत्र स्वतः करून विकू शकतो, पण इतरांच्या संमतीवाचून दुसऱ्यास परवाना देऊ शकत नाही. म्हणजे एक भाऊ रुसला की सौदा अडला. घराण्याच्या पैशाने शिकलेल्याची विद्याधनाची कमाई त्याची स्वतंत्र, असे १९३० च्या हिंदू विद्याधन कायद्यानेच ठरविले आहे. काकांनी पैसा लाविला असेल तर त्यांचा वाटा कागदावर लिहून द्यावा, आणि मगच एका पंगतीस बसून जेवावे. प्रेम त्याने कमी होत नाही. कमी होते ते न लिहिल्याने, हे आम्ही दोन घरांत पाहिले आहे.

हे झाले रक्षण. संगोपन याहून कठीण. मुंबईत १८६७ साली जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांचे नाव आज फार थोड्या घरांत निघते. बुद्धी अशी की लोक त्यांस भारताचा एडिसन म्हणत. ते लंडनला गेले, तेथे दादाभाई नौरोजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेविला, आणि छपाईचे खिळे झपाट्याने ओतणारे त्यांचे ‘भिसोटाईप’ यंत्र नावाजले गेले. पेटंटे होती, उणीव होती ती भांडवलाची, आणि समोर होत्या बलाढ्य कंपन्या. १९०८ साली निराश होऊन ते मायदेशी निघाले असता बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले, आणि त्यांच्या मध्यस्थीने रतन टाटांचे साहाय्य मिळाले. तरीही ते यंत्र बाजारात पाय रोवू शकले नाही. पुढे भिसे अमेरिकेस गेले, तेथे ‘अ‍ॅटोमिडीन’ या आयोडीनच्या औषधाने त्यांस काही यश दिले, आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्येच त्यांचा अंत झाला. त्यांच्यापाशी कागद नव्हते असे नाही. कागद हे कुंपण होय. आत पीक काढावयास पाणी, खत आणि दम हे निराळेच लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरास प्रारंभी गिऱ्हाईक मिळेना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. ती समजूत काढीत, नांगर सुधारीत ते चिकटून राहिले, आणि त्यांच्या मागे कुटुंब उभे होते. म्हणून पेटंटाच्या फीपेक्षा जास्त पैसा दुसऱ्या-तिसऱ्या नमुन्याकरिता बाजूस ठेवावा असे आम्ही सुचवितो. पहिला नमुना घरच्यांस आवडतो, तिसरा गिऱ्हाइकास.

गेल्या कार्तिकात आमचा तो विद्यार्थी घरी आला. आता त्याची पंचेचाळिशी उलटली असून पंपदुरुस्तीचा त्याचा लहानसा कारखाना आहे. बरोबर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी कन्या होती, आणि तिच्या हातात एक वही. ती बापाकडे पाहून म्हणाली, “बाबा, गुरुजींना दाखवू का?” तो म्हणाला, “दाखव. पण हल्ली कोणता अंक काढीत नाहीत ना, ते आधी विचार.” आम्ही तिघेही हसलो. दार लावून, दिव्याखाली दोन तास ती वही पाहिली. भाषेतील चार जागा दुरुस्त केल्या, मापांस हात लाविला नाही. तात्पुरते विवरण दाखल होऊन तिला तारीख मिळाली आहे; पूर्ण विवरणास अद्याप सात महिने आहेत. यंत्र काय आहे, हे आमच्या कुटुंबाने दोनदा विचारून पाहिले. आम्ही सांगितले नाही.