दादींच्या चहातली साखर

"दादी हल्ली विसरतात, लगेच चिडतात. वयच झालंय!" आपल्या घरांत हे सहज बोलले जाते आणि विषय तिथेच संपतो. पण दादींच्या दिवसभरातली साखर आपण कधी मोजतो का?

चार कप चहा, कपात दोन चमचे; म्हणजे आठ चमचे झालेच. नानखटाई, शीरखुर्मा वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे साधारण सहा चमच्यांच्या आत राहणे उत्तम.

अमेरिकेतील सिएटल परिसरातल्या, सरासरी ७६ वर्षे वयाच्या २०६७ जणांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेह नसलेल्यांतही ज्यांच्या रक्तातली साखर जास्त होती, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक आढळला. रक्तातली साखर सतत वाढलेली राहिली, तर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते. थकवा, मरगळ येते. मन कशात रमत नाही.

उलटही घडते. मधुमेहाची गोळी घेतली आणि जेवण राहिले, तर साखर घसरते. घाम, थरथर, चिडचिड, बोलण्यात गोंधळ दिसला, तर तो हट्ट समजू नये. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरेचे पाणी द्यावे, मग डॉक्टरांना विचारावे. रोजे ठेवायचे असतील, तर रमजानच्या आधीच सल्ला घ्यावा.

दादींचा फिका कप वेगळा काढू नका. त्यांना ते लागते. अर्धा चमचा आपण सगळ्यांनीच कमी करू या.