आंबट म्हणजे मादक नव्हे

सोलापूरहून अक्कलकोटला जाताना वळसंग लागतं. हा शाळू ज्वारीचा मुलूख. इथल्या एखाद्या घरी पाहुणे म्हणून गेलात आणि आंबिलीचा पेला पुढे आला, तर नुसत्या वासावरून तो नाकारू नका. आंबवलेल्या पेयांविषयी आपल्या मनात बरेच गैरसमज घर करून आहेत.

गैरसमज : आंबवलेलं म्हणजे चढणारच.
वस्तुस्थिती : मद्य होतं ते साखरेचं, आणि ते करतं यीस्ट. ज्वारीच्या पिठात मुख्यतः पिष्ट असतं. रात्रभर ताकात भिजलेल्या पिठात दह्यातलेच जिवाणू आम्ल तयार करतात. सकाळी ते पीठ उकळत्या पाण्यात सोडून, गुठळी होऊ न देता शिजवतात. निवल्यावर ताक, मीठ, जिरं आणि ठेचलेला लसूण घालतात. आंबील आंबते, झिंग आणत नाही.

गैरसमज : कोरियातली धान्याची पेयं म्हणजे सगळी दारूच.
वस्तुस्थिती : तांदळाची ‘मक्कॉल्ली’ दारूच आहे, तिच्यात साधारण 6 ते 8 टक्के मद्य असतं. तिला ‘नुरूक’ हे बुरशी आणि यीस्टचं विरजण लागतं. ‘शिख्ये’ मात्र बिनदारूचं. मोड आणून वाळवलेल्या जवाच्या पाण्यात भात कोमट ठेवला की पिष्टाची साखर होते; मग ते उकळून थंड करतात. वर भाताची शितं तरंगत असतात. तिकडे गेलात तर नाव विचारूनच प्या.

गैरसमज : आंबील म्हणजे गरिबीचं खाणं.
वस्तुस्थिती : लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या सीमाभागात मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला शेतात पूजा होते. कडब्याच्या कोपीपुढे भज्जी, उंडे यांच्यासोबत आंबिलीचा मान असतो. सगेसोयरे, मित्रमंडळींना आग्रहाने शेतावर बोलावतात. हे सणाचं पेय आहे.

गैरसमज : ज्वारीची आहे, मग मधुमेहींनी कितीही प्यावी.
वस्तुस्थिती : ज्वारीत ग्लुटेन नसतं, हे खरं. पिष्ट मात्र असतंच. मधुमेह असेल तर आंबील जेवणाच्या हिशेबात धरा. रक्तदाब असेल तर मीठ बेताचं घाला.

आंबील ताजी, त्याच दिवशीची प्यावी. कुजका वास किंवा बुरशी दिसली तर टाकून द्यावी. तसं काही नसेल, तर निर्धास्त प्या आणि कशी केली तेही विचारा. हे ज्ञान घराघरांतल्या बायकांनी जपलं आहे, ते पुढे जायला हवं.