पीडीएफची पारख

१ मे २०१८ रोजीं महाराष्ट्र सरकारनें डिजिटल सहीचा सातबारा देण्यास आरंभ केला. फोंडाघाटच्या शेतकऱ्यासही तो आतां 'पीडीएफ' रूपानें घरबसल्या मिळतो. परंतु आकार लहान करण्यासाठीं तो एखाद्या फुकट संकेतस्थळावर चढविला, कीं आपला कागद परक्या संगणकावर जातो. शिवाय तो नव्यानें लिहिला गेल्यामुळें सहीचा पडताळाही होत नाहीं! मूळ प्रत म्हणूनच जशीच्या तशी राखावी. खटपट करणें ती नकलेवर करावी.

साधन पारखण्याची माझी रीत मास्तरी आहे. पान उघडल्यावर इंटरनेट बंद करावें आणि एखादा बिनमहत्त्वाचा कागद देऊन पाहावा. काम झालें, तर तें आपल्याच यंत्रांत झालें. न झाल्यास आधार, बँकेचे कागद तेथें नेऊं नयेत. पानें जोडणें वा विलग करणें एवढेंच असेल, तर संगणकावर बसविलेलें 'पीडीएफसॅम' पुरेसें आहे.