पाव, पाव आणि देवा पाव!

ऑफिसखालच्या गाडीवर वडापाव हाणताना आमच्यातल्या एकाने परवा ज्ञान पाजळलं, ‘‘पीठ पायांनी तुडवतात, म्हणून त्याला पाव म्हणतात!’’ दोघींचे घास तिथेच थांबले. मी मात्र खात राहिले. ही थिअरी मी आजीकडून लहानपणीच ऐकलीय, आणि ती सॉलिड बोगस आहे.

वडापावातला पाव आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांबरोबर. त्यांनी १५१०मध्ये गोवा घेतला. त्यांच्या भाषेत ब्रेडला म्हणतात ‘पांव’, तो आला लॅटिन ‘पानिस’वरून. त्यात पायाचा संबंधच नाही. गंमत म्हणजे, पाय आहे तो पाव किलोतल्या पावात! संस्कृत ‘पाद’ म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय, म्हणजे चौथा हिस्सा. याच ‘पाद’चा एकीकडे झाला पाय, दुसरीकडे पाव. सव्वा म्हणजे स-पाद, पाऊण म्हणजे पाद कमी. म्हणजे पाऊण तास लेट झालात तरी पाय मध्ये आलाच!

तिसरा पाव नवसाचा. ‘देवा, पाव रे’मधला. तो ‘प्राप्’वरून आलेला. मिळाल्याची पावतीही त्याच घरातली. तीन पाव, तीन खानदानं, स्पेलिंग एकच.

पण पायांची ती अफवा मला नुसता टाइमपास वाटत नाही. भट्टीसमोर रात्रभर राबणाऱ्या माणसाच्या हातचं खायचं नाही, याला ते आयतं निमित्त होतं. आजीच्या लहानपणी तिच्या घरात पाव येतच नसे. खाल्ला तर जात जाईल, ही भीती!

आता हे ‘जात जाईल’ बघा. ‘जी जात नाही ती जात’ हा जोक आपण सगळ्यांनीच मारलाय. कागदावर दोन्ही शब्द सेम टू सेम. पण पहिली ‘जात’ जाण्यातली, संस्कृत ‘या’ धातूची. दुसरी ‘जाति’, जन्माला येण्यातली. पहिलीचा ज ‘जागा’मधला, दुसरीचा ‘जेवण’मधला. आपल्या लिपीत दोघांना अक्षर मात्र एकच.

ऑफिसात एखादा अमराठी दोस्त असेल, तर त्याला ‘जात जात नाही’ मोठ्याने वाचायला सांगा. दोन्ही ज सारखेच आले, तर कटिंग त्याच्याकडून!