मॉडेल विमानाचा जुना रंग काढायचाय? आधी नेलपॉलिश रिमूव्हर बाजूला ठेवा

१:७२ प्रमाणातलं स्पिटफायर जेमतेम १३ सेंटिमीटर लांब असतं. त्याच्या पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या रेषा केसासारख्या बारीक. जुन्या रंगावरच नवा थर चढवला, तर त्या बुजतात. म्हणून आधी जुना रंग काढावा लागतो.

इथेच अनेकांचा हात नेलपॉलिश रिमूव्हरकडे जातो आणि घात होतो. ही मॉडेल्स बहुतेक पॉलिस्टायरीन प्लास्टिकची असतात आणि रिमूव्हरमधलं ॲसिटोन नेमकं तेच विरघळवतं. रंग निघतो, पण पंखही मऊ पडतो. ‘ॲसिटोन-फ्री’ वाचून निश्चिंत होऊ नका. त्यात बहुधा इथाइल ॲसिटेट असतं, तेही पॉलिस्टायरीनला सोडत नाही. लॅकर थिनरचंही तेच.

मग काय वापरायचं? ते रंगावर ठरतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा विमानाच्या पोटावर फिरवा. रंग बोळ्यावर उतरला तर तो बहुधा ॲक्रिलिक. मग काम सोपं: सुटे भाग अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने हलकेच घासा. नाही निघाला, तर पुन्हा बुडवा. जोर लावला तर रेषाच झिजतील. अल्कोहोल पटकन पेटतं, त्यामुळे हे काम गॅसजवळ नको.

इनॅमल मात्र चिवट. त्यासाठी हौशी मंडळी कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन क्लीनर वापरतात. तो कातडी भाजतो, डोळ्यांना तर फारच घातक. हातमोजे आणि चष्मा हवाच.

कॉकपिटची पारदर्शक काच आधीच काढून ठेवा. अल्कोहोलमुळे तिला बारीक तडे जाऊ शकतात आणि ते पुसून जात नाहीत.