हजचा अनुभव अभ्यासायचा, तर मोजायचं काय?

सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं, 'हज म्हणजे मक्केला जाऊन काबागृहाला प्रदक्षिणा घालणं.' गाईडनी बाजूला पेन्सिलनं विचारलं, "आणि अरफात?"

काबाभोवतीचा तवाफ फोटोंत दिसतो, म्हणून हज म्हटलं की आपल्याला तोच आठवतो. तोही अनिवार्य आहेच. पण जिल्हेज महिन्याच्या ९ तारखेला हाजी मक्केपासून साधारण २० किलोमीटरवरच्या अरफातच्या मैदानात दुपारपासून सूर्यास्तापर्यंत थांबतात. हा वुकूफ पूर्णच चुकला, तर त्या वर्षीचा हज होत नाही. काही विधी राहिले तर कुर्बानी देऊन भरपाई होते, याची नाही. बरं, तिथे करायचं काय? थांबायचं, दुआ करायची, क्षमा मागायची. बस्स. पुरुषांच्या अंगावर इहरामची दोन न शिवलेली वस्त्रं असतात, अनेकांना त्यात कफन दिसतं. कयामतच्या दिवशी असंच उभं राहायचंय, याची ही आठवण.

आता संशोधकाची अडचण बघा. मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर म्हणतात, यात्रेत सामाजिक पायऱ्या तात्पुरत्या पुसल्या जातात. १९६४ च्या हजनंतर माल्कम एक्स यांचे वर्णाबद्दलचे विचार बदलले, हे उदाहरण सगळेच देतात. (मीही दिलं होतं.) पण हजला जाणारा माणूस मुळातच वेगळा असेल तर? बदल यात्रेनं झाला, हे कशावरून?

क्लिंगिंगस्मिथ, ख्वाजा आणि क्रेमर यांच्या २००९ च्या पेपरची युक्ती मला इथे फार आवडते. पाकिस्तानात तेव्हा सरकारी योजनेतून हजला कोण जाणार, हे सोडतीनं ठरायचं. त्यांनी २००६ च्या हजसाठी अर्ज केलेल्या १६०० हून अधिक लोकांशी बोलून नंबर लागलेल्यांची आणि न लागलेल्यांची तुलना केली. इच्छा दोघांचीही होती, फरक फक्त नशिबाचा! हजहून आलेल्यांमध्ये इतर वंशांच्या, पंथांच्या लोकांबद्दल आपलेपणा आणि मुलींच्या शिक्षणाला पाठिंबा जास्त दिसला. नमाज-रोजे वाढले, ताविजासारख्या स्थानिक प्रथा मात्र कमी झाल्या.

तरीही हे सगळं परतल्यानंतरच्या मतांबद्दल झालं. अरफातची ती दुपार सर्वेक्षणात कशी पकडणार? माझ्या प्रश्नावलीत आधी होतं, 'तुम्ही काय मागितलंत?' ते फारच खासगी वाटलं, खोडलं. आता एवढंच आहे, 'त्या दुपारचं काय आठवतं?' खाली पर्याय नाहीत, अर्धं पान कोरं ठेवलंय.