पाठ टेकल्यावरची कुस्ती

आखाड्यात पाठ मातीला लागली की प्रश्न मिटला. हलगी कडाडते, फेटे उडतात आणि चीत झालेला गडी अंग झटकून बाजूला होतो. ब्राझिलियन जिउ-जित्सू या विद्येत मात्र नेमका तिथेच खेळाला रंग चढतो! उताणा पडलेला खेळाडू दोन्ही पायांचा विळखा प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला घालून, जणू आरामखुर्चीत बसल्यासारखा, पुढचा बेत आखत असतो. या ठाण्याला म्हणतात ‘गार्ड’.

आमची धाकटी गेल्या वर्षापासून ही विद्या शिकते आहे. क्लास आठवड्यातून तीनच दिवस, आणि उत्साह मात्र सातही दिवसांचा. मग उरलेल्या दिवसांसाठी पुस्तक हवे, व्हिडिओ हवेत. पैसे ह्यांचे, पण निवड करायची मी, अशी आमच्या घरची जुनी वाटणी! शाळेची पुस्तके, शिवणाचे यंत्र, गणपतीची मूर्ती, सगळे मीच निवडत आले. त्यात ही एक भर.

प्रथम नावातली गफलत सांगते. ‘जुजुत्सू’ नावाची जपानी विद्या फार जुनी. तिच्यावरची पुस्तके दुकानात सहज मिळतात, पण त्यांत बहुधा उभ्याने करायचे डाव असतात. आपल्याला हवी आहे तिची ब्राझीलमध्ये वाढलेली शाखा. कोदोकान या जपानी संस्थेत ज्युदो शिकलेले मित्सुयो माएदा 1914 साली ब्राझीलला गेले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले, आणि मग सारे ग्रेसी घराणेच या नादाला लागले. धाकटे एलिओ अंगाने किरकोळ, म्हणून त्यांनी ताकदीपेक्षा तरफेवर आणि धीरावर भर दिला. त्यांचे चिरंजीव रॉइस यांनी नोव्हेंबर 1993 मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे एका संध्याकाळी आपल्याहून वजनदार अशा तिघांना नमवले, तेव्हा जगाचे डोळे या विद्येकडे वळले. तेव्हा मुखपृष्ठावर ‘ब्राझिलियन’ हा शब्द आहे की नाही, हे पाहूनच पाकिटाला हात घालावा.

आता खरी मेख. नवशिक्याला भुरळ पडते ती शेवटच्या डावांची: हात पिरगाळणे, गळा आवळणे. मोबाइलवर असल्या एक मिनिटाच्या फुकट चित्रफितींचा सुकाळ आहे. पण ज्याला खालून निसटता येत नाही, त्याला गळा आवळायची संधी देणार कोण? म्हणून साहित्य निवडताना माझी पहिली कसोटी हीच, की ते पहिल्या काही धड्यांत काय शिकवते? जीव वाचवणे, की जीव घेणे?

या कसोटीला सर्वांत चांगले उतरले ते सॉलो रिबेरो यांचे 2008 सालचे ‘जिउ-जित्सू युनिव्हर्सिटी’ हे इंग्रजी पुस्तक. त्याची रचनाच पट्ट्यांच्या क्रमाने आहे. पांढऱ्या पट्ट्याला तग धरणे, निळ्याला सुटका, जांभळ्याला गार्ड, तपकिरीला समोरच्याचा गार्ड ओलांडणे, आणि प्रतिस्पर्ध्याला शरण आणणारे डाव अगदी शेवटी, काळ्याला. पाकशास्त्राच्या पुस्तकात आधी भात-वरण आणि शेवटी पुरणपोळी असावी, तसेच हे. शिवाय छायाचित्रे भरपूर, त्यामुळे इंग्रजी बेताचे असले तरी अडत नाही.

व्हिडिओंत रेनर आणि राइरन या ग्रेसी बंधूंचा, एलिओंच्या नातवांचा, ‘ग्रेसी कॉम्बॅटिव्ह्ज’ हा छत्तीस धड्यांचा क्रम घरच्या अभ्यासाला सोयीचा. रोख स्वसंरक्षणावर आहे, आणि एकेक हालचाल सावकाश उलगडून दाखवतात. (नुसती चित्रफीत पाठवून पट्टा मिळवण्याच्या त्यांच्या योजनेवर मात्र जाणकारांत बराच वाद झाला. मला विचाराल तर पट्टा क्लासातच मिळावा.) जॉन डॅनहर हे तत्त्वज्ञानाचे एकेकाळचे विद्यार्थी. त्यांची व्याख्याने विलक्षण खोल, पण तासन्‌तास चालणारी. पहिल्या सहा महिन्यांत ती घेऊ नयेत. कीर्तन चांगले असले तरी पाळण्यातल्या मुलाला त्याचे काय?

आणि एक फुकटचे साधन आहे, त्याकडे कुणाचे लक्षच जात नाही. ते म्हणजे स्पर्धेचे गुण. प्रतिस्पर्ध्याला खाली आणले तर दोन गुण. गार्डमधून त्याला उलथून वर आलात तर दोन. त्याच्या पायांचा अडसर ओलांडलात तर तीन. छातीवर स्वार झालात किंवा पाठीवरून जखडलेत तर चार. एवढा तक्ता समोर ठेवला की कोणती जागा चांगली, कोणती वाईट याचा नकाशाच हाती येतो. आमचे मामंजी तरुणपणी सांगलीच्या तालमीत घुमलेले. पहिली लढत पाहताच “अगं, ही तर चीत झाली!” म्हणून त्यांनी निकालच दिला होता. हा तक्ता वाचून दाखवल्यावर चष्मा लावून दुसरी लढत शेवटपर्यंत पाहिली, आणि मधूनमधून “कंबर काढ, कंबर!” असा सल्लाही देऊ लागले.

कंबर काढण्यावरून आठवले. एकट्याने घरी करण्यासारखी सर्वांत उपयोगी हालचाल हीच. कुशीवर वळून, पाय रोवून, कंबर मागे सरकवायची. इंग्रजीत तिला कोळंबीचेच नाव आहे, आणि दिसतेही तशीच. सोफा भिंतीला लावला की आमच्या दिवाणखान्यात एका दमात चार कोळंब्या होतात. फरशीवर करू नये. जाड चटई हवी, सतरंजी चालत नाही, सरकते.

एका बाबतीत मी कडक आहे. गळा आवळण्याचा डाव श्वासापेक्षा मानेतल्या रक्तवाहिन्यांवर दाब आणतो. तो नीट बसला तर काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. क्लासात गुरू उभे असतात, आणि अंगावर थोपटले की तत्क्षणी सोडायचे हा नियम सगळ्यांच्या हाडीमांसी खिळलेला असतो. घरच्या नऊ वर्षांच्या भावाला तो ठाऊक नसतो. त्याला वाटते ताई खेळते आहे. म्हणून आमच्या घरी मान आणि सांधे यांचे डाव फक्त पुस्तकात पाहायचे, करायचे क्लासात. जोडीला भाऊ घ्यायचा तो निसटण्याच्या सरावापुरता, तोही त्याची मर्जी असेल तर.

बाकी वेळापत्रक साधे आहे. क्लासात जे शिकवले, तेच त्या रात्री पुस्तकात शोधायचे, आणि वहीत आपल्या शब्दांत चार ओळी लिहायच्या: कुठे अडले, हात कुठे होता, वजन कुठे होते. दुसऱ्या दिवशी तीच शंका गुरूंना विचारायची. पुस्तक आणि गुरू यांचे मत पडेल तिथे गुरूंचे ऐकायचे, कारण आपली मुलगी चुकते कुठे, हे पुस्तकाला दिसत नाही.

निळा पट्टा मिळेपर्यंत दुसरे पुस्तक नाही, असे ठरले आहे. व्हिडिओंची यादी मात्र फ्रिजवर चिकटवलेली आहे. या मालाला वरचेवर सवलत असते, हे तिला पक्के ठाऊक, आणि पाडव्याची ओवाळणी अजून बाकी आहे, हे ह्यांना!